जुळला, पण किती जणांशी? : बुटांच्या ठशांचं वर्गीकरण करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बुटांच्या ठशांचं संगणकीय वर्गीकरण करणारे सर्व संशोधक, आणि ते वर्गीकरण तपासाच्या कामात वापरणाऱ्या प्रयोगशाळांचे प्रमुख

स. न. वि. वि.

मी ठसे बघणारी आहे. गेली अनेक वर्षं माझ्या टेबलावर बुटांचे ठसे येतात: घरफोडी झालेल्या खोलीतले, फुटलेल्या खिडकीखालच्या मातीतले, लाथ मारून उघडलेल्या दारावरचे. बोटांच्या ठशांबद्दल सगळे बोलतात, डीएनएबद्दल त्याहून जास्त बोलतात. बुटाचा ठसा मात्र पुष्कळदा पायाखालीच तुडवला जातो, आणि तोही तपासाला आलेल्या माणसांच्याच. हातमोजे घालून आलेला चोर बूट काढून ठेवत नाही, एवढी साधी गोष्ट अजूनही सगळीकडे पोचलेली नाही.

तुमच्यापैकी काहींच्या प्रणालींची प्रात्यक्षिकं मी अलीकडे पाहिली. ठशाचा फोटो टाकायचा, काही सेकंदांत पडद्यावर यादी उमटते: हा अमुक सोल, त्याखालोखाल हा, मग हा. मला खरोखर आनंद झाला. हेच काम मी कॅटलॉगची पानं उलटत, भिंगातून बघत, दिवसचे दिवस केलेलं आहे. अशाच एका प्रात्यक्षिकाला एक तपास अधिकारी माझ्या शेजारी उभे होते. यादीतल्या पहिल्या नावापुढे ९४ टक्के असा आकडा होता. ते म्हणाले, "मॅडम, चौऱ्याण्णव टक्के म्हणजे आता राहिलं काय? हाच माणूस."

त्या आकड्याचा अर्थ एवढाच होता की ठशाचं चित्र आणि साठ्यातलं एक चित्र यांचं साम्य त्या प्रणालीच्या हिशेबात ९४ भरलं. तो आकडा चित्रांबद्दल होता. माणसाबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. पण अधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. पडद्यावर दुसरा कुठलाच आकडा नव्हता, मग जो होता त्यालाच ते धरून बसले.

तेव्हा हे पत्र एका रकान्यासाठी आहे. तुमच्या यादीत नक्षीचं नाव असतं, गुण असतात, संदर्भासाठी चित्र असतं. असा सोल किती लोकांच्या पायात आहे, हा रकाना नसतो. माझं म्हणणं असं की तो रकाना रिकामा असेल तर बाकीचे सगळे रकाने भरूनही आपण अर्धंच उत्तर दिलेलं असतं, आणि ते अर्धं उत्तर ऐकणारा उरलेलं अर्धं स्वतःच्या मनाने भरतो.

ठसा मिळतो कसा ते आधी सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो पडद्यावरच पाहिला असणार. खोलीतले दिवे बंद करायचे, पडदे ओढायचे आणि टॉर्च जवळजवळ जमिनीला टेकवून आडवा प्रकाश फेकायचा. मघापर्यंत स्वच्छ दिसणाऱ्या फरशीवर धुळीचे ठसे उगवतात. टॉर्च चार बोटं वर उचलला की गेले. मग गुडघ्यांवर बसून कॅमेरा ट्रायपॉडवर चढवायचा, लेन्स सरळ खाली, शेजारी मोजपट्टी. ठसा मातीत खोल रुतलेला असेल तर पट्टीही बाजूची माती काढून ठशाच्या तळाच्या पातळीला ठेवावी लागते. पट्टी वर राहिली तर ती कॅमेऱ्याच्या जवळ येते, मोठी दिसते, आणि बूट आहे त्यापेक्षा लहान भरतो. एकेका बाजूने प्रकाश टाकत तेवढेच फोटो घ्यायचे, कारण एका दिशेच्या प्रकाशात दिसलेली रेघ दुसऱ्या दिशेच्या प्रकाशात बुजते. हे सगळं झाल्यावरच ठसा उचलायचा. कोरडी धूळ असेल तर विजेच्या स्थिर भाराने धूळ ओढून घेणारी फिल्म, नाहीतर काळी जिलेटिनची शीट. मातीतला ठसा असेल तर डेंटल स्टोन (दातांच्या साच्यांसाठी वापरतात तो कडक प्लास्टर) ओतून साचा घ्यायचा. रक्ताचा पुसट ठसा असेल तर अमिडो ब्लॅकसारखा रंग लावून तो आधी गडद करायचा.

जिलेटिनची शीट मी एका कोपऱ्यापासून हळूहळू सोलते. श्वास रोखलेला असतो, हे इतक्या वर्षांनीही बदललेलं नाही. आणि त्या काळ्या शीटवर करड्या धुळीत काय येतं? बहुतेक वेळा चवड्याचा बाहेरचा अर्धा भाग. टाच नाही. पाय वळताना घसरला म्हणून नक्षी एका बाजूला फरपटलेली. वरून आणखी कुणाच्या तरी सोलच्या दोन रेघा. असा ठसा हाच माझा रोजचा माल आहे. तुमच्या यंत्राला शिकवायच्या साठ्यात मात्र स्कॅनरवर सरळ ठेवलेले, शाई लावून नीट दाबलेले, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पूर्ण ठसे भरलेले असतात.

हे सगळ्यांना लागू नाही, हेही नोंदवते. स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठाच्या संशोधकांनी घटनास्थळावरचे ३०० खरे ठसे आणि १,१७५ संदर्भ-ठसे असा साठा तयार करून २०१४ साली सर्वांना खुला केला. त्यातले घटनास्थळावरचे ठसे बघताना मला माझंच टेबल दिसलं: तुटके, डागाळलेले, फरशीच्या नक्षीत मिसळलेले. ज्या पद्धती स्वच्छ ठशांवर झकास चालतात त्या इथे धापा टाकतात, हे त्या साठ्यामुळे सगळ्या जगाला मोजून दाखवता आलं. असं काम आणखी हवं.

आता वर्गीकरणाकडे येते. ठशात मी पहिल्यांदा आकार बघते. वर्तुळं आहेत का, एकात एक आहेत का? आडव्या रेघा, नागमोडी रेघा, बाणाच्या टोकासारखे शेवरॉन, पत्त्यांतल्या चौकटसारखे आकार, तारे, षटकोन, मधोमध एखादं अक्षर किंवा चिन्ह. कुठला आकार चवड्यात, कुठला कमानीत, कुठला टाचेत. १९९०च्या दशकातल्या संगणकीय प्रणाली याच नावांवर चालत. परीक्षकाने आकारांचे संकेत भरायचे आणि संगणकाने त्या संकेतांवरून जुने ठसे शोधून द्यायचे. कल्पना चांगली होती. खोट होती ती आमच्या डोळ्यांत.

एक चूक सांगते. दोन घरफोड्यांतले दोन ठसे दोन वेगळ्या परीक्षकांनी नोंदवले. एकावर नोंद पडली "षटकोन", दुसऱ्यावर "वर्तुळ". सोल एकच होता. मधल्या काळात बूट वापरात होता, षटकोनांचे कोपरे झिजले आणि ते गोल दिसायला लागले. षटकोन टाकून शोध घेतला की वर्तुळवाले ठसे येत नसत. त्यामुळे ती दोन प्रकरणं बरेच महिने दोन कप्प्यांत पडून राहिली, आणि त्या महिन्यांत आणखी घरं फुटली. दुसरी नोंद माझी होती. मी जे दिसलं ते लिहिलं होतं, पण "कदाचित षटकोनही असेल" असं लिहायला फॉर्ममध्ये जागा नव्हती, आणि मी ती मागितलीही नव्हती.

म्हणून तुमच्या प्रणालीला एकाच आकाराला दोन नावं देता आली पाहिजेत, दोन्हींच्या भरवशासकट. आणि तिसरी सोय याहून महत्त्वाची: "सांगता येत नाही" असं म्हणता आलं पाहिजे. ज्या प्रणालीला कुठल्यातरी कप्प्यात टाकल्याशिवाय थांबता येत नाही, ती साठ्यात नसलेल्या सोललाही जवळचं कुणाचं तरी नाव देऊन मोकळी होते. नवे सोल तर सतत बाजारात येत असतात.

या बाबतीत अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठाच्या पुढाकाराने चालणाऱ्या सीसेफ या केंद्रातलं काम मला पटलं. तिथल्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्कला (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय प्रणालीला) कंपनीचं नाव ओळखायला न लावता सोलच्या छोट्या छोट्या तुकड्यांतले आकार ओळखायला शिकवलं: वर्तुळ, चौकोन, त्रिकोण, रेषा, शेवरॉन, तारा, अक्षरं असे. एका तुकड्यात दोन आकार असतील तर दोन्ही सांगायचे. मॉडेल दर हंगामात बदलतात, पण वर्तुळ वर्तुळच राहतं, म्हणून कधीही न पाहिलेल्या सोलचंही वर्णन अशा पद्धतीला करता येतं. शिवाय या कामामागचा हेतू मला जास्त आवडला: ये-जा करणाऱ्या सामान्य माणसांच्या सोलची चित्रं यंत्राने घ्यायची, त्यांतले आकार आपोआप मोजायचे, आणि कुठली नक्षी किती आढळते हे शोधायचं. म्हणजे मी ज्या रकान्याबद्दल बोलते आहे तोच.

तो रकाना पूर्वी लागत नव्हता का? १७८६ साली स्कॉटलंडमधल्या कर्कूब्री परिसरात एका तरुणीचा खून झाला. दलदलीच्या जमिनीत पळणाऱ्या माणसाच्या पावलांचे ठसे मिळाले. बूट नुकतेच दुरुस्त केलेले, खिळे मारलेले होते. अधिकाऱ्यांनी ठशाचं माप घेतलं आणि अंत्यविधीला जमलेल्या पुरुषांचे बूट त्याच्याशी ताडून पाहिले. एकाचे जुळले, आणि पुढे इतर पुराव्यांनीही तोच गुन्हेगार ठरला. तिथे जुळण्याला वजन होतं, कारण तो बूट हाताने शिवलेला आणि हाताने दुरुस्त केलेला होता. खिळ्यांची तशीच मांडणी दुसऱ्या बुटावर असण्याचा संभव फार थोडा. "जुळला" आणि "त्याचाच" या दोन शब्दांत तेव्हा जेमतेम एका पावलाचं अंतर होतं.

आज ते अंतर फार वाढलं आहे. आजचा सोल साच्यातून निघतो आणि एका साच्यातून हजारो जोड निघतात. प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो, खप मोठा असेल तर एकाच मापाचे अनेक साचे असतात. (त्याच मॉडेलच्या दोन मापांत नक्षी कडेपाशी वेगळ्या जागी तुटते. हे बारकावे आम्हाला फार उपयोगी पडतात आणि ठशाचा फोटो लहान करून टाकला की तेच आधी नाहीसे होतात. कृपा करून चित्र दाबून छोटं करू नका.) काही सोल मोठ्या रबरी शीटमधून कापून काढतात, त्यांत नक्षी कडेला कुठे कापली जाईल ते थोडं थोडं बदलतं. आणि खपणाऱ्या नक्षीची नक्कल होते. तेव्हा संगणकाने ओळखलेल्या नावाचाच बूट ठसा पाडणाऱ्याच्या पायात होता, हेसुद्धा गृहीत धरता येत नाही.

वजन किती बदलू शकतं हे दोन गाजलेल्या प्रकरणांतून दिसतं.

१९९४ साली लॉस एंजेलिसमध्ये निकोल ब्राउन सिम्पसन आणि रॉन गोल्डमन यांचे खून झाले. घटनास्थळी रक्तात उमटलेले बुटांचे ठसे होते. एफबीआयचे तज्ज्ञ विल्यम बॉड्झिएक यांना ती नक्षी आपल्या संग्रहात सापडली नाही. उत्पादकांकडे चौकशी करत करत माग इटलीतल्या सिल्गा या सोल बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत गेला. ब्रूनो मॅग्ली कंपनीचे महागडे बूट, अमेरिकी माप १२. निकोल यांचे पूर्वीचे पती आणि खटल्यातले आरोपी ओ. जे. सिम्पसन यांनी असे बूट आपल्याकडे नव्हतेच असं सांगितलं. १९९५च्या फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले. त्यानंतर ते तसेच बूट घालून उभे असल्याची छायाचित्रं बाहेर आली, ती दिवाणी दाव्यात मांडली गेली, आणि १९९७ साली ज्यूरीने त्यांना मृत्यूंसाठी जबाबदार धरलं. ठशाने बुटाचा प्रकार आणि माप सांगितलं, त्याहून जास्त काही नाही. तरीही ते वजनदार ठरलं, कारण तो बूट दुर्मीळ होता.

दुसरं प्रकरण इंग्लंडच्या अपील न्यायालयातलं, २०१० सालचं, आर विरुद्ध टी या नावाने ओळखलं जाणारं. खुनाचा खटला. घटनास्थळी नायकी बुटाचा ठसा, आरोपीकडे तशाच नक्षीचे नायकी बूट. तज्ज्ञाने अहवालात ठसा त्या बुटाचा असल्याला "मध्यम" वैज्ञानिक आधार आहे असं लिहिलं. हा "मध्यम" शब्द कसा आला? प्रयोगशाळेत आलेल्या बुटांत ही नक्षी सुमारे २० टक्के, म्हणजे पाचात एक, त्याचे ५. मापासाठी १०. झिजेसाठी २, कारण तशा बुटांपैकी निम्मे झिजेवरून बाजूला काढता येतील असा अंदाज. चिरा-खाचांवरून आणखी फारसे बूट वगळता येत नव्हते, त्याचा १. गुणाकार १००. आणि शंभर म्हणजे ठरलेल्या श्रेणीत "मध्यम". हा हिशेब मूळ अहवालात नव्हता, टिपणांत होता. न्यायालयाने शिक्षा रद्द केली आणि बुटांच्या बाबतीत इतके कच्चे आकडे घेऊन असं गणित मांडू नये असं म्हटलं.

या निकालावर संख्याशास्त्रज्ञांनी खूप टीका केली. मला त्यांची बाजू बरीचशी मान्य आहे. गणित सोडून नुसत्या अनुभवावर "मध्यम" म्हणणं जास्त विश्वासार्ह होत नाही, उलट चूक तपासायला काही उरत नाही. पण हिशेब लपलेला होता ही न्यायालयाची तक्रार सोळा आणे खरी होती. आणि त्या हिशेबातला पहिलाच आकडा बघा. पाचात एक कुठल्या बुटांतला? प्रयोगशाळेत आलेल्या. प्रयोगशाळेत बूट येतात ते संशयावरून ताब्यात घेतलेल्यांचे. त्या गटात तरुण जास्त, पुरुष जास्त, खेळाचे बूट जास्त. संपूर्ण बाजाराच्या विक्रीचे आकडे घेतले तर तीच नक्षी कितीतरी दुर्मीळ दिसते, कारण त्यात लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांची पादत्राणं आली. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे. पण त्या रात्री त्या भागात फिरणाऱ्या माणसांच्या पायात काय होतं, या प्रश्नाला दोन्ही नीट लागू पडत नाहीत. विक्रीच्या आकड्यातले निम्मे बूट कधीच फेकून दिलेले असतील.

म्हणून मोजायला हवं, आणि ते तुम्ही करू शकता. आम्ही परीक्षक हाताने ते कधीच करू शकलो नसतो. वर्दळीच्या दारात जाड काच बसवून खालून कॅमेरा लावता येतो. माणूस त्यावरून चालत जातो, दोन सोल टिपले जातात. चेहरा नको, नाव नको, वेळ तासापुरती ढोबळ चालेल. नक्षीचे आकार, अंदाजे माप, झीज किती, एवढं नोंदवून चित्र पुसून टाकलं तरी चालेल. लोकांना आधी स्पष्ट सांगून, पाटी लावूनच हे व्हावं, आणि हा साठा संशयित शोधायला कधीही वापरू नये. तो माणसं हुडकण्याचा साठा झाला की लोक त्या काचेवरून चालणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

हे फार मोठं काम आहे, लाखो जोड मोजल्याशिवाय काही म्हणता येणार नाही, असं मला अनेकदा ऐकवलं गेलं आहे. तसं नाही. तीनशे जोड मोजले आणि एखादी नक्षी एकदाही दिसली नाही, तर तिचं प्रमाण शंभरात एकाहून जास्त नसावं असं ९५ टक्के भरवशाने म्हणता येतं. तीन भागिले तीनशे, संख्याशास्त्रातला हा जुना आडाखा आहे. त्याच तीनशेत ती साठ वेळा दिसली तर तेही फार मोलाचं उत्तर आहे. एका वर्दळीच्या दारात हे एका सकाळचं काम. अर्थात, ही मोजणी त्या दाराची, त्या हंगामाची. ऊन-पावसाप्रमाणे पायातलं बदलतं, म्हणून ती पुन्हापुन्हा आणि निरनिराळ्या ठिकाणी व्हायला हवी, आणि प्रत्येक आकड्यासोबत तो कुठला आणि कधीचा हे लिहिलेलं हवं.

कुणी विचारेल, नक्षी सोडा, सोलवरच्या चिरा आणि खाचा बघून नेमका तोच बूट ओळखता येतो ना? चालताना काचेने पडलेली चीर, खड्याने गेलेला टवका, अशा योगायोगाने पडलेल्या खुणा मी रोज बघते आणि त्यांना मोल आहे असं मला वाटतं. पण माझं वाटणं पुरेसं नाही. अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार मंडळाने २०१६च्या अहवालात स्पष्ट लिहिलं की अशा खुणांवरून ठसा एका विशिष्ट बुटाचाच आहे असं सांगण्याच्या अचूकतेला अर्थपूर्ण पुरावा नाही. आमच्या क्षेत्रात त्यावर राग व्यक्त झाला. माझ्या मते राग चुकीचा होता. कुणी मोजलं नव्हतं, हे खरंच होतं. आणि त्याच अहवालाने नक्षी-माप या पातळीवरच्या वर्गीकरणाची तपासणी केलेलीच नाही, ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्हणजे जे काम तुम्ही आता यंत्रावर सोपवत आहात, त्यातही माणूस किती वेळा चुकतो हे नीट मोजलेलं असलं पाहिजे. माझ्यासारख्यांना अनोळखी ठसे द्या, आमचे षटकोन आणि वर्तुळं तपासा. मी पहिली बसेन.

हे वाचून वर्ग-लक्षणं (अनेक बुटांत सारखी असणारी नक्षी, माप वगैरे) म्हणजे दुय्यम दर्जाचा पुरावा असा समज कुणी करून घेऊ नये. वगळण्यासाठी त्यांच्याइतकं झटपट दुसरं काही नाही. झीज आणि घसरणं यांचा हिशेब धरूनही नक्षी वेगळी राहिली, तर तो ठसा संशयिताच्या त्या बुटाचा नाही, आणि हे एका दुपारी सांगता येतं. मी ज्यांना असं वगळलं त्यांतले बहुतेक मला कधी भेटले नाहीत, भेटायचं कारणही नव्हतं. तरी माझ्या कामातलं मला सर्वांत प्रिय काय विचाराल तर ते अहवाल. आणि दुसरा उपयोग गुन्हे एकमेकांना जोडण्याचा. १९८५ साली कॅलिफोर्नियात रिचर्ड रामिरेझच्या खूनसत्रात एव्हिया कंपनीच्या बुटांचे ठसे एकामागून एक घटनास्थळी मिळत गेले आणि त्यांनी निरनिराळ्या हद्दींतली प्रकरणं एका धाग्यात आणली. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी बुटांची ही माहिती जाहीर पत्रकार परिषदेत सांगून टाकली. रामिरेझने ते बूट टाकून दिले. तुमच्या प्रणाली अनेक कार्यालयांत एकाच वेळी उघडतील तेव्हा चालू प्रकरणातला ठसा कोणाकोणाला दिसतो, याची काळजी घ्या.

यादीबद्दल एक विनंती. पहिलं नाव पाहिलं की डोळा तेच शोधू लागतो, मलाही हे टाळता येत नाही. म्हणून मी संशयिताचा बूट पिशवीतून काढण्याआधी ठशात काय दिसतं ते लिहून, तारीख घालून, सही करून ठेवते. तुमच्या पडद्यावरही हाच क्रम हवा. परीक्षकाने आपली नोंद पक्की केल्याशिवाय यादी उघडू नये, आणि नोंद नंतर बदलली तर जुनीही दिसत राहावी. आणि तो ९४चा आकडा टक्क्यांत दाखवू नका. टक्का म्हटलं की शक्यता, आणि शक्यता म्हटलं की अपराध, अशी ऐकणाऱ्याच्या मनाची चढण मी कोर्टात समोर उभी राहून पाहिली आहे.

प्रयोगशाळांच्या प्रमुखांना वेगळं सांगायचं आहे. आपल्या अहवालात "ठसा या बुटाशी नक्षी व आकाराने सुसंगत आहे" असं वाक्य असतं. ते खरं असतं. पण समोर बसलेला माणूस "सुसंगत" ऐकतो आणि "याच बुटाचा" समजतो. त्या वाक्याच्या शेजारी दुसरं वाक्य सक्तीचं करा: अमुक ठिकाणी अमुक महिन्यात मोजलेल्या इतक्या जोडांपैकी इतक्यांशीही हा ठसा असाच सुसंगत ठरला असता. मोजणी नसेल तर "मोजणी उपलब्ध नाही" असं तिथेच, त्याच अक्षरांत छापा. बचाव पक्षाने विचारेपर्यंत थांबू नका. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याच्या वतीने तो प्रश्न कुणीच विचारत नाही.

माझ्याकडे एक फाइल आहे. ज्या ठशांना मी एकच नाव खात्रीने देऊ शकले नाही असे ठसे त्यात वर्षानुवर्षं साठवलेले आहेत. प्रत्येकाखाली दोन किंवा तीन नावं, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे नंतर बूट मिळाल्यावर खरं काय निघालं ते. परवानगी घेऊन, प्रकरणाच्या सगळ्या खुणा काढून ती मी तुम्हाला द्यायला तयार आहे. तुमच्या यंत्राला स्वच्छ ठसे पुष्कळ मिळतील, हे मिळणार नाहीत. पहिल्या पानावर चवड्याचा अर्धा ठसा आहे. त्याखाली निळ्या शाईत माझ्या अक्षरात "वर्तुळ" लिहिलेलं दिसेल, आणि शेजारी, कित्येक महिन्यांनी लिहिलेलं, "षटकोन, झिजलेला".

आपली,
बुटांचे ठसे बघणारी एक परीक्षक